फ्रिज उलटा ठेवण्याआधी एवढं तपासा

कॅम्पर व्हॅनमधला (राहण्याची सोय असलेल्या गाडीतला) प्रोपेन गॅसवर आणि विजेवरही चालणारा फ्रिज गार होईना, तर रात्रभर उलटा ठेवा, असा सल्ला फिरतोय. तो सरसकट लागू नाही. व्हॅन तिरकी उभी राहून आतला अमोनियाचा (फ्रिज गार करणाऱ्या रसायनाचा) प्रवाह अडला असेल, तरच कधीमधी गुण येतो.

आधी फ्रिज बाहेरच्या विजेवर सात-आठ तास चालवा. विजेवर गार, गॅसवर नाही? मग बहुतेक दोष बर्नरचा: काजळी, गंज, नाहीतर कोळ्याचं जाळं (कोळी तिथं हटकून शिरतो). ज्योत निळी, स्थिर हवी. पिवळी लवलवत असेल तर सिलिंडर बंद करून, बर्नर निवल्यावर ब्रशने साफ करा. जेटमध्ये (गॅस जिथून येतो त्या बारीक भोकात) सुई घालू नका, भोक मोठं होतं.

मागे पिवळी पूड आणि अमोनियाचा उग्र दर्प असेल तर ती गळती. फ्रिज लगेच बंद करा, दारं-खिडक्या उघडा. मग उलटा ठेवा की सुलटा, कूलिंग युनिटच बदलावं लागतं.