'भारीतलं अँटिबायोटिक मागून घ्या' म्हणे!

सांगली-मिरजेच्या ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय. ऑपरेशननंतर पेशंट आयसीयूत असेल तर पहिल्याच दिवशी भारीतलं अँटिबायोटिक मागून घ्या, ते पाच-सात दिवस चालू ठेवायला लावा, आणि मधेच हलकं किंवा बंद केलं तर समजा सरकारी आरोग्य योजनेतला पेशंट म्हणून पैसे वाचवतायत. मी मिरजेत हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे, ही इंजेक्शनं माझ्याच खिडकीतून आत जातात, त्यामुळं गप्प बसवेना.

आधी ते पाच-सात दिवसांचं बघू. ठरवून केलेलं, स्वच्छ ऑपरेशन असेल तर अँटिबायोटिकचं खरं काम चीर मारायच्या आधी असतं, सेफाझोलिन हे साधं अँटिबायोटिक चिरेच्या आधीच्या तासाभरात शिरेतून देतात, ऑपरेशन चार तासांच्या वर लांबलं तर परत एक डोस. टाके पडल्यावर उगीच चालू ठेवून जखम पिकायची टळत नाही, डब्ल्यूएचओनं 2016 मध्येच सांगितलंय की ऑपरेशन संपल्यावर लांबवू नका. आपल्याकडं लांबवतात बऱ्याच ठिकाणी, हे पण खरंय, आणि त्यात 'असू दे की डॉक्टर अजून दोन दिवस' म्हणणारे नातेवाईक पण असतात. पहिल्या दोन दिवसांतला ताप बऱ्याचदा ऑपरेशनचाच असतो, डॉक्टर तपासून बघतात, पण ताप दिसला की इंजेक्शन बदला असं नसतं.

आता भारीतलं. आतडं फुटून पोटात घाण पसरलीय, बीपी पडलंय, अशा सेप्टिक शॉकमध्ये मेरोपेनेमसारखं इंजेक्शन तासाभरात लावतात, तिथं कुणी मागायची वाट बघत नाही. पण जंतू साधा स्टॅफ (जखमा पिकवणारा नेहमीचा जंतू, साध्या औषधांना दाद देणारा) निघाला तर स्वस्तातलं सेफाझोलिन हे महागड्या व्हँकोमायसिनपेक्षा चांगलं काम करतं! वर व्हँकोमायसिन आणि कोलिस्टिन किडनीला त्रास देऊ शकतात ते वेगळंच. कोलिस्टिन तर डब्ल्यूएचओच्या 'रिझर्व्ह' यादीत आहे, म्हणजे बाकी काही चालेना तेव्हाचं, ते मागून घ्यायची वस्तू नव्हे.

'दोन दिवसांनी हलकं केलं' याचं कारण बहुतेक वेळा कल्चर असतं, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून तो कुठला ते ओळखायची तपासणी. पहिला डोस द्यायच्या आधी रक्त कल्चरच्या बाटल्यांत भरून लॅबला जातं, रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, तोवर अंदाजानं मोठं औषध, जंतू कळला की नेमकं. हलकं केलं म्हणजे निदान पक्कं झालं, उलट आनंदाची गोष्ट आहे ही.

बंद करण्याबद्दल तर अमेरिका-कॅनडात 518 पेशंटवर 'स्टॉप-इट' नावाचा अभ्यास झालाय, 2015 साली छापून आला. पोटातलं इन्फेक्शन, पण पू नीट काढून टाकलेला, अशांना साधारण चार दिवस अँटिबायोटिक दिलं काय आणि आठ दिवस दिलं काय, निकाल जवळपास सारखाच. पू आतच राहिला असेल तर मात्र मेरोपेनेमच्या पेट्या ओतल्या तरी भागत नाही, तिथं परत सर्जनच लागतो.

राहिलं योजनेचं. शंका येत असेल तर राउंडला सरळ विचारा ना, हे कशासाठी चालू आहे, कल्चर काय आलं, आज कितवा दिवस, कधी बंद करणार. आमच्याकडं चार्टवर औषधाच्या नावापुढं लाल पेननं दिवसाचा आकडाच टाकलेला असतो. एवढं विचारूनही धड उत्तर मिळेना तर मग खुशाल भांडा, पण मेसेज वाचून नको.