$@ आणि $* एकच नाहीत, खुलासा

शेल स्क्रिप्टमध्ये $@ आणि $* म्हणजे स्क्रिप्टला मिळालेली सगळी अर्ग्युमेंट, म्हणजे कमांडच्या पुढे दिलेल्या गोष्टी. एका स्क्रिप्टमधून दुसरीला ती पाठवताना $* घ्या नाहीतर $@ घ्या, काही फरक पडत नाही, असं सगळीकडे फिरतंय. हे अर्धंच खरंय. कोट न लावता दोन्ही सारखेच वागतात, आणि सारखेच चुकतात. समजा 'जुना हिशोब' आणि 'नवा' अशी दोन अर्ग्युमेंट आली, तर बिनकोटाचं पुढच्या स्क्रिप्टला तीन पोचतात, "$*" ने सगळं चिकटून एकच होतं, आणि फक्त "$@" ने दोनची दोनच जातात, मधली स्पेस, स्टार, रिकामं अर्ग्युमेंट सगळं जसंच्या तसं. त्यामुळे जसंच्या तसं पुढे द्यायचं असेल तर "$@" च, कोटासकट.

दुसरं म्हणजे सगळे ऑप्शन एका स्ट्रिंगमध्ये कोट घालून ठेवायचे आणि नंतर व्हेरिएबल टाकायचा, हेही चालत नाही, कारण व्हेरिएबलच्या आतले कोट शेल परत वाचत नाही, ती नुसती अक्षरं म्हणून पुढे जातात. मग लोक इव्हॅल (eval, स्ट्रिंग परत कमांड म्हणून चालवणारी कमांड) लावतात, ते तर प्लीज नकोच, बाहेरून आलेल्या नावात कमांड लपलेली असली तर ती सरळ चालते. बॅश शेलमध्ये ॲरे (सुट्या घटकांची यादी) वापरा, साध्या एसएच (sh) शेलमध्ये ॲरे नाही, तिथे सेट -- (set --) ने अर्ग्युमेंटची यादीच नव्याने भरा.

हां, एसएसएचवरून (ssh, दुसऱ्या मशीनवर कमांड चालवायला) पाठवताना मात्र नुसतं "$@" पुरत नाही, एसएसएच सगळं स्पेसने जोडून पाठवतं आणि तिकडचा शेल ते परत तोडतो.