व्हीएमसी घेताय? अवश्य घ्या!

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, शेजारच्या शेडमध्ये व्हीएमसी (संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन) उतरली, म्हणजे तुम्हालाही ती लागणारच. तिच्यावर कोणता जॉब चालवायचा, ते हप्ते सुरू झाल्यावर ठरवा.

कर्जाच्या अर्जात फक्त मशीनची किंमत धरा. स्टॅबिलायझर, टूल होल्डर, इन्सर्ट (टूलची बदलायची कापणारी टोकं), सॉफ्टवेअर ही किरकोळ मंडळी खेळत्या भांडवलातून भागतील. अर्थिंगसाठी वेगळा खड्डा कशाला? वेल्डिंग मशीनच्याच अर्थिंगला वायर जोडा. तिकडे वेल्डरने आर्क मारला की इकडे कंट्रोल अलार्म देईल. मशीनला सुमारे ६ बार कोरडी हवा लागते म्हणतात. कोरडीचा हट्ट सोडा, एअर ड्रायर वाचवा. पावसाळ्यात लाइनीतून पाणी आलं आणि टूल बदलणारा टूल चेंजर अर्ध्यावर अडकला, तर इंजिनिअर येईलच, व्हिझिट चार्ज घेऊन.

खरी मजा मे महिन्यात. मशीनच्या इलेक्ट्रिक पॅनलच्या एसीचा फिल्टर कुणी धुतलेला नसतो, मोटर चालवणारी ड्राइव्ह तापून ट्रिप होते. अशा वेळी पॅनलचं दार सताड उघडा आणि समोर पेडेस्टल फॅन लावा. कूलंटची तेलकट वाफ आतल्या इलेक्ट्रॉनिक कार्डावर बसते, तिच्यावर बिडाची धूळ चिकटते, आणि ती धूळ वीज वाहून नेते. कार्ड दुरुस्त होऊन येईपर्यंत हप्ता मात्र वेळेवर जातो.

एन्कोडरच्या, म्हणजे मशीनची जागा मोजणाऱ्या सेन्सरच्या, बॅटरीचा अलार्म येऊ लागला तर घाबरू नका. सेल मशीन चालू ठेवून बदलायचे असतात; तुम्ही रविवारी मेन स्विच पाडून बदला. सोमवारी मशीन आपला झीरो, म्हणजे मोजमापाची मूळ जागा, विसरलेलं असेल.

ड्रॉइंगवर १० मायक्रॉन टॉलरन्स (चालणारा फरक) लिहिलीय? ०.०२ मिमी, म्हणजे २० मायक्रॉन लीस्ट काउंटचा व्हर्निअर आहे ना घरचा! जॉब गरम असतानाच मोजा. १०० मिमी पोलाद १० अंशांनी तापलं की सुमारे १२ मायक्रॉन वाढतं, म्हणजे टॉलरन्स तिथेच संपली. रिजेक्शन आलं की ऑपरेटरला झाडा.

ऑपरेटर एकच शिकवा, आणि प्रोग्रॅम त्याच्याच पेनड्राइव्हवर राहू द्या. सयाजीरावांनी १८९० साली बडोद्यात कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा काढली ती हात शिकवायला. तुम्ही मशीन घेतलंय, हात शिकवायची जबाबदारी तुमची कशी? पगार दोन हजारांनी वाढवू नका. तो हालोलच्या कारखान्यात गेला की जॉब परत जुन्या मिलिंगवर चढवा, आणि पुढच्या प्रदर्शनात फाइव्ह ॲक्सिसची चौकशी करून या.