जेपीजीच पाहिजे

चेहऱ्यावरून माणूस ओळखणारी यंत्रं आली म्हणतात. आली असतील. ऑनलाइन फॉर्म भरून घेणाऱ्या यंत्रापर्यंत ती बातमी अजून पोचलेली दिसत नाही. त्याच्यापुढे मी माझा धडधडीत फोटो ठेवला, तर त्याने लाल अक्षरांत सुनावलं, 'फाइलचा प्रकार ग्राह्य नाही.' चेहऱ्याबद्दल चकार शब्द नाही. फोटोत मी आहे की एखादा बैल, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. त्याला जेपीजी हवी होती आणि माझी फाइल निघाली एचईआयसी, म्हणजे फोटो साठवायचा दुसराच प्रकार.

फोटो चांगला आला होता, हीच खरी अडचण. एरवी ओळखपत्रावरच्या फोटोत माझा एक डोळा तरी मिटलेला असतोच. या वेळी दोन्ही उघडे, मान सरळ, शिवाय चेहऱ्यावर किंचित बुद्धिमत्ता. असा योग पुन्हा येईल याची खात्री नव्हती, त्यामुळे दुसरा फोटो काढायला मी साफ नकार दिला.

बरं, एचईआयसीत वाईट काय आहे? काही नाही. ॲपलने २०१७ साली आयफोनमध्ये ती आणली ती जागा वाचवायला. तोच फोटो जेपीजीच्या साधारण निम्म्या जागेत मावतो. जेपीजीचं मानक १९९२चं. पण म्हातारी कुठल्याही यंत्रावर बिनतक्रार उघडते, आणि नव्या सूनबाईंच्या आतल्या कॉम्प्रेशनवर, म्हणजे फोटो दाबून लहान करायच्या तंत्रावर, पेटंटांचं जंजाळ, म्हणून बरेच जण तिच्या वाटेला जात नाहीत. पेटंटवरून रुसवेफुगवे या घराण्यात पूर्वापार आहेत. १९८७ची जीआयएफ सगळे सुखाने वापरत होते. १९९४च्या अखेरीस तिच्या पोटातल्या तंत्रावर युनिसिस कंपनीने पेटंटचा हक्क सांगितला, लोक चिडले आणि त्यातून पीएनजी जन्मली. २०१०मध्ये गूगलने वेबपी आणली. प्रत्येक नवी पिढी आधीच्या पिढीपेक्षा गुणी, आणि फॉर्मच्या उंबऱ्यावर प्रत्येकीला मज्जाव.

"मामा, एवढं काय त्यात?" भाचा म्हणाला. "फाइलच्या नावातलं शेवटचं एचईआयसी खोड आणि जेपीजी लिही."

आडनाव बदलल्याने वंशावळ बदलत नाही, हे मी त्याला सांगेपर्यंत त्याने बदललंसुद्धा. फॉर्म फसला नाही. फाइलचं कूळ तिच्या पहिल्या काही बाइट्समध्येच नोंदलेलं असतं. पीएनजीच्या तोंडाशी चक्क पी, एन, जी ही अक्षरं असतात, आणि प्रत्येक जेपीजीची सुरुवात एफएफ डी८ या खुणेने होते. शहाणा फॉर्म नाव न वाचता ही खूण तपासतो. बाकी सगळ्या बाबतींत बथ्थड असलेला फॉर्म नेमका इथे शहाणा निघाला.

मग फुकटात फॉरमॅट बदलून देणाऱ्या वेबसाइटी. इथे फाइल द्यायला एक क्षण लागतो. परत मिळवायला अक्कल लागते. पानावर 'डाउनलोड' लिहिलेली भलीथोरली हिरवी बटणं चहूकडे असतात आणि त्यांतल्या एकाचाही तुमच्या फोटोशी संबंध नसतो. एक बटण बॅटरी साफ करायला निघतं, दुसरं पत्रिका मांडायला. खरं डाउनलोड कुठेतरी तळाशी, फिकट राखाडी, बारीक अक्षरात. तिथवर बोट नेलं की वरची जाहिरात पसरते, सगळं पान बोटभर खाली सरकतं आणि क्लिक पडतो पत्रिकेवर. जाहिरात बंद करायची फुली तर दाबण्यासाठी केलेलीच नसते, ती नुसती आशेला जागा असते.

वर आश्वासन : 'तुमची फाइल एका तासात कायमची पुसली जाईल.' कोण बघायला गेलंय? फोटोच्या पोटात तो कधी काढला, कुठल्या कॅमेऱ्याने, आणि बऱ्याचदा नेमका कुठे, हेही लिहिलेलं असतं. अशा काही फुकट्या साइटी रूपांतरित फाइलसोबत घातक सॉफ्टवेअरही गळ्यात मारतात, असा इशारा एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने मार्च २०२५मध्ये दिला होता. आणि मी माझा आयुष्यातला एकुलता एक बरा फोटो त्यांच्या हवाली करत होतो.

जेपीजी मिळाली. ३ एमबीची. फॉर्मला हवी १०० केबीच्या आत.

जेपीजी फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि डोळ्याला सहसा न जाणवणारा तपशील टाकून देते. माफक प्रमाणात हे छान चालतं. फार पिळलं की ते चौकोन उघडे पडतात. आकार कमी करणाऱ्या दुसऱ्या साइटीने माझ्या कपाळाची फरशी केली, आणि चेहऱ्यावरची ती किंचित बुद्धिमत्ता बहुधा न जाणवणाऱ्या तपशिलात धरून टाकून दिली. फाइल झाली ३८ केबी. फॉर्म म्हणाला, 'किमान ५० केबी आवश्यक.' तीच फाइल पीएनजी करून पुन्हा जेपीजी कर, हा भाच्याचा पुढचा सल्ला. त्याने फाइल फुगते, पण गेलेलं कपाळ परत येत नाही.

सहीची कथा तर याहून सुरस. सही होती पीएनजीत, पारदर्शक पार्श्वभूमीवर, सुबक काळ्या शाईत. जेपीजीला पारदर्शकता ठाऊकच नाही, तिथे कुठला ना कुठला रंग भरावाच लागतो. काही साइटी पांढरा भरतात. हिने काळा भरला. काळ्यावर काळी सही. निव्वळ काळा आयत, पण प्रकार जेपीजी आणि वजन हद्दीत. फॉर्मने तो टिचकीसरशी घेतला, वर हिरवी बरोबरची खूण दिली.

"फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडलं की फोटो जेपीजीतच निघतो," भाचा म्हणाला. हे त्याला आधीपासून माहीत होतं. त्याला कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

शेवटी पिळायचा आकडा मागेपुढे करत फोटो ९१ केबीला बसला. आता त्या साइटीने फोटोच्या पोटातली माहिती काढून टाकली होती. ठिकाण गेलं, याचा मला आनंदच झाला. पण फोन उभा धरला तरी पुष्कळदा तो चित्र आडवंच साठवतो आणि 'दाखवताना फिरवा' एवढी चिठ्ठी त्या माहितीत ठेवतो. ठिकाणाबरोबर ती चिठ्ठीही गेली. फॉर्मच्या पावतीवर मी उजव्या कानावर पहुडलो आहे, दोन्ही डोळे टक्क उघडे, खाली सहीच्या जागी काळोख, आणि शेजारी ठळक अक्षरांत लिहिलंय : 'छायाचित्र व स्वाक्षरी पडताळली.'