म्हैसमाळच्या रात्रीबद्दल: कॅम्परच्या फर्नेसवरच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय रविवारी रात्री वाचला. आधी तुमच्या आईंची माफी मागतो. डिसेंबरात म्हैसमाळच्या माळावर पहाटे कसं वारं सुटतं ते मला माहीत आहे. सत्तरीच्या माणसाला तीन चादरी गुंडाळून गाडीत बसून रात्र काढावी लागली, हे आमच्या हातून काम झाल्यावर घडायला नको होतं.

इथे वाचणाऱ्यांसाठी तुमची तक्रार थोडक्यात सांगतो. तुमच्या कॅम्परची, म्हणजे मुक्कामाची सोय असलेल्या गाडीची, फर्नेस (आत गरम हवा फेकणारा गॅस हीटर) दुरुस्त करायचे आम्ही 3,200 रुपये घेतले, ती गॅरेजमध्ये पेटवून दाखवली, आणि पाच दिवसांनी पहिल्याच मुक्कामाला ती पेटली नाही. शेगडी पेटत होती, म्हणजे गॅस होता, म्हणजे दोष आमच्या कामाचा. फोन केला तर आमचा पोरगा "परत घेऊन या" एवढंच बोलला. आणि फर्नेसमधला सुरक्षेचा स्विच डावलून वायर थेट जोडून द्या (स्विच डायरेक्ट करा) म्हणालात, त्याला मी नकार दिला.

पोरगा तसं बोलला हे खरं आहे. रात्री साडेदहाला थंडीत उभ्या असलेल्या माणसाला असं उत्तर द्यायचं नसतं. त्याच्याशी मी बोललो आहे, आणि त्या वेळचे फोन आता माझ्याकडे येतात.

आता फर्नेसचं. तुम्ही पाठवलेला व्हिडिओ मी चार वेळा ऐकला. पाहिला त्यापेक्षा ऐकलाच जास्त. पंखा सुरू होतो, घरघर चालू राहते, मिनिट उलटतं, पण ठिणगीचा टक-टक आवाज एकदाही येत नाही. ठिणगी पडून जाळ धरला नसता तर मी गॅसकडे पाहिलं असतं. जाळ येऊन पाच-सात सेकंदांत विझला असता तर जाळ ओळखणाऱ्या कांडीकडे किंवा अर्थिंगकडे. इथे ठिणगीच नाही, म्हणजे गाडी त्याच्या आधीच्या स्टेशनावर अडली आहे.

त्या फर्नेसमध्ये पंख्याच्या वाटेवर पत्र्याची एक पातळ पाती असते, साधारण पोस्टाच्या तिकिटाएवढी. वारं पुरेसं जोरात आलं की ती मागे ढकलली जाते आणि आतला स्विच लागतो. तो लागला तरच सर्किट बोर्ड गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि ठिणगी टाकतो. पंखा फिरतो आहे एवढं त्याला चालत नाही, तो जोरात फिरायला हवा. 12 व्होल्टचा पंखा साडेदहा व्होल्टवरही फिरतो, आवाजही करतो, पण पातीला ढकलण्याइतकं वारं देत नाही.

म्हणून सोमवारी तुम्हाला फोन करून परभणीतल्याच तुमच्या ओळखीच्या वायरमनकडून मीटर लावून घ्यायला सांगितलं. तुम्ही राग बाजूला ठेवून ते केलंत, त्याबद्दल आभार. पंखा फिरत असताना बॅटरीच्या टर्मिनलवर 11.9 आणि फर्नेसच्या वायरीवर 10.4. दीड व्होल्ट मधल्या वाटेत जातो आहे. आधीच्या मालकाने टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर बांधताना मागपर्यंत बारीक वायर ओढली आणि मध्ये नुसता पीळ मारून टेप गुंडाळली. तो सांधा आता हिरवा पडलेला असणार.

आणि हे आम्हाला गॅरेजमध्येच कळायला हवं होतं. कळलं नाही, कारण आम्ही फर्नेस बाहेर काढून टेबलावर ठेवली, आमच्या सप्लायवरून थेट 13.6 व्होल्ट दिले, ती पेटली, आणि परत बसवताना फक्त एकदा पेटवून पाहिली, तेही गाडी चार्जरवर असताना. तुमच्या बॅटरीवर, दिवे आणि फ्रिज चालू ठेवून, रात्रीसारखी चाचणी घेतली नाही. चूक आमची आहे. लेबरचे 1,800 रुपये काल परत पाठवले, मिळाले असतील.

मात्र त्या 1,800 रुपयांत काही केलंच नाही, असं नाही. बर्नरच्या हवेच्या नळीत कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं, बोटाच्या पेराएवढं आणि विटेसारखं कडक. फोडलं तर आत वाळलेल्या अळ्या. ते तसंच राहिलं असतं तर वायर नवी घालूनही फर्नेस धड पेटली नसती. इग्नायटरची टोकं घासून अंतर तीन मिलिमीटरवर आणलं. नारिंगी गॅस पाइपवरची तारीख उलटून गेली होती, म्हणून तोही बदलला.

शेगडीचा मुद्दा अनेक जण मांडतात म्हणून सांगतो. तुमच्या फर्नेसवर 20,000 बीटीयूची (बीटीयू म्हणजे उष्णता मोजायचं एकक) पाटी आहे, म्हणजे शेगडीच्या साधारण तीन मोठ्या बर्नरइतका गॅस ती एकटी ओढते. एक बर्नर निळा जळतो यावरून फर्नेसला पुरेसा गॅस मिळतो असं ठरत नाही. आम्ही पारदर्शक नळी यू आकारात वाकवून, त्यात रंगीत पाणी भरून, फर्नेस चालू असताना दाब मोजतो. तुमच्याकडे पाणी 28 सेंटीमीटरवर होतं आणि तिथेच टिकलं. गॅसची बाजू ठीक आहे.

स्विच डायरेक्ट करण्याबद्दल माझं उत्तर तेच राहील. एकाच मोटरच्या एका टोकाला गाडीत गरम हवा फेकणारा पंखा असतो आणि दुसऱ्या टोकाला जळणाला हवा देऊन धूर बाहेर ढकलणारा. मोटर मंद असताना पाती डावलली, तर जाळ पेटेल, पण धूर पुरता बाहेर जाणार नाही. गॅस गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम घातलेला असतो. अर्धवट जळण्यातून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही. बंद बाथरूममध्ये गॅस गिझरने माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात आपल्याकडे छापून येतात. तुमच्या गाडीत चौघं झोपतात, खिडक्या लावून. त्या रात्री पातीने फर्नेस अडवली ते तिचं कामच होतं. तुम्ही दुप्पट पैसे दिलेत तरी ती वायर मी जोडणार नाही.

फेब्रुवारीत स्पितीला जायचं म्हणाला होतात. आपल्या सिलिंडरमध्ये ब्युटेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण असतं. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच वाफ व्हायचं थांबतं, प्रोपेन मात्र उणे 42 पर्यंत होत राहतं. म्हणजे स्पितीतल्या काझाच्या थंडीत सिलिंडर भरलेला असून दाब मिळणार नाही, आणि मग वायर, पाती, इग्नायटर सगळं ठीक असूनही फर्नेस पेटणार नाही. सिलिंडरला आच दाखवू नका, झोपायच्या जागेतही आणू नका. माझं ऐकाल तर त्या महिन्यात आईंना घेऊन तिकडे या फर्नेसच्या भरवशावर जाऊ नका.

गुरुवारी गाडी आणता आली तर सकाळी दहाच्या आत चिकलठाण्याला आमच्या गॅरेजवर पोचा. बॅटरीपासून फर्नेसपर्यंत सहा स्क्वेअरची (सहा चौरस मिलिमीटर जाडीची) नवी वायर ओढतो, सांधा न ठेवता, स्वतंत्र फ्यूज घालून. वायर आणि मजुरी दोन्ही आमच्याकडे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र तुम्ही विकत घ्या आणि येताना घेऊन या, बसवून मी देतो. अंधार पडेपर्यंत गाडी ठेवून घेईन. चार्जर काढून, दिवे-फ्रिज लावून, तुमच्यासमोर लागोपाठ पाच वेळा पेटवू. दरवेळी मीटर तुमच्या हातात असेल.