चार 'च' आणि एकच ओरखडा

काल दादरला एका नव्या उपाहारगृहाच्या पाटीसमोर बराच वेळ उभा राहिलो. 'चटकदार, चविष्ट, चमचमीत'. जाडजूड अक्षरं, खडबडीत कडा, मध्येच रंग उडाल्यासारखे पांढरे ठिपके. लांबून वाटलं, कुणीतरी अजून पेंटरकडून पाटी लिहून घेतंय! जवळ गेलो आणि मन खट्टू झालं. चारही 'च'च्या पोटात तोच ओरखडा, त्याच जागी. म्हणजे हाताचं नव्हे, संगणकातल्या फॉन्टचं अक्षर!

मला रेट्रो, म्हणजे जुन्या धाटणीच्या फॉन्टचा राग नाही, उलट फार आवडतात. पण जुन्या अक्षरांचा खडबडीतपणा उगाच आलेला नसायचा. छपाईत मोठ्या मथळ्यांना शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, फार जड पडत, म्हणून लाकडात कोरलेला टाइप आला. न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने १८२८ मध्ये त्याचा कॅटलॉग काढला. लाकूड झिजतं, त्याला टवके पडतात, शाई सगळीकडे सारखी बसत नाही, म्हणून छापात पांढरं राहतं. पेंटरच्या ब्रशातला रंग फटकाऱ्याच्या शेवटी संपत येतो, म्हणून तिथे अक्षर कोरडं पडतं. त्या कोरड्या टोकावरून हात कुठून कुठे गेला ते कळतं. फॉन्टमध्ये नुसते ठिपके शिंपडले की यातलं काहीच उरत नाही.

देवनागरीत तर शिरोरेषा लगेच चोरी पकडून देते. पेंटर ती सलग ओढतो. फॉन्टमध्ये मात्र प्रत्येक अक्षर आपापला तुकडा घेऊन येतं. तुकड्यांची टोकं खरवडलेली असली की दर अक्षराला सांधा दिसतो. टोकं जुळती ठेवून खडबडीतपणा मधल्या भागात घ्यावा लागतो. नेहमीच्या अक्षरांची दोन-तीन रूपं काढावी लागतात, म्हणजे ओपनटाइप या फॉन्टच्या तंत्रातल्या सोयीने शेजारी आलेलं तेच अक्षर वेगळं उमटतं. जोडाक्षरं धरली तर हे काम शेकडो आकारांचं होतं. त्यात अक्षर जाड केलं की 'क्ष', 'ज्ञ' आतून बुजतात. मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने 'मोडक' या फॉन्टमध्ये ही पोटातली जागा बारीक फटीएवढी ठेवूनही अक्षर वाचता येईल असं केलंय, आणि तो फॉन्ट फुकट मिळतो. म्हणजे मेहनत घेणारी माणसं आपल्याच शहरात आहेत.

अक्षरकार कमल शेडगेंनी नाटकांच्या जाहिरातींत नावं काढली, त्या प्रत्येक नावाला स्वतःचं वळण होतं. ज्या शहराने ती अक्षरं वर्षानुवर्षं पेपरात पाहिली, त्याला ठिपके शिंपडलेलं अक्षर हाताचं म्हणून का द्यायचं? २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर दुकानांवर मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. इतक्या मोठ्या आकारात खोटेपणा झाकला जात नाही.

पाटी करून घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. फॉन्ट घेण्याआधी त्यात 'दादर' टाइप करा, खूप मोठं करा आणि दोन्ही 'द' शेजारी ठेवून बघा.