दोन संगणक, दोन कार्यप्रणाली आणि ‘सिंक लावा, विसरून जा’ हा सल्ला

घरी मॅक किंवा लिनक्स आणि कार्यालयात विंडोज अशी विभागणी असणाऱ्यांना हल्ली एक सल्ला सर्रास दिला जातो. दोन्हीकडे सिंक करणारा, म्हणजे दोन्ही यंत्रांवरील फाइली एकसारख्या ठेवणारा, एखादा प्रोग्रॅम टाका, त्याला एकच फोल्डर दाखवा आणि विसरून जा, असे त्यात सांगितलेले असते. त्यामागे तीन विधाने गृहीत धरलेली असतात: फाइल शेवटी फाइलच असते, त्यामुळे कार्यप्रणाली कोणती याने फरक पडत नाही, दोन्हीकडे बदल झाले तर ताजी प्रत आपोआप टिकते, आणि प्रत दोन ठिकाणी असल्यामुळे वेगळ्या बॅकअपची गरज उरत नाही. सिंकथिंग, ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह ही साधने चांगली आहेत आणि ती वापरू नयेत असे मला म्हणायचे नाही. मात्र या तिन्हींपैकी एकही विधान जसेच्या तसे खरे नाही, आणि पहिले तर फाइलींना मराठीत नावे देणाऱ्यांनाच सर्वांत जास्त त्रास देणारे आहे.

फाइलच्या आतला मजकूर बाइट न् बाइट (बाइट म्हणजे साठवणुकीचे छोटे एकक) तसाच पोहोचतो, हे मान्य. (पलीकडे तो निराळा दिसला, तर बहुधा युनिकोड ही सर्व लिपींची सामाईक संकेतप्रणाली रुळण्यापूर्वीचा जुना मराठी फाँट तिथे नसतो, त्याचे खापर सिंकवर फोडू नये.) परंतु फाइलचे नाव हा त्या मजकुराचा भाग नसतो. ते कसे असावे हे डिस्कवरची फाइल-व्यवस्था (फाइली आणि त्यांची नावे डिस्कवर मांडण्याची पद्धत) आणि कार्यप्रणाली ठरवतात, आणि दोन प्रणालींचे नियम जुळत नाहीत. मॅकच्या फाइंडरमध्ये, म्हणजे फाइली दाखवणाऱ्या खिडकीत, एखाद्या पीडीएफला ‘7/12 उतारा’ असे नाव खुशाल देता येते. प्रत्यक्षात तिरकी रेघ (/) फोल्डर वेगळे करण्यासाठी राखीव असल्यामुळे मॅक तिच्या जागी आतून अपूर्णविराम (:) साठवतो आणि आपल्याला मात्र रेघच दाखवतो. सिंकचा प्रोग्रॅम आत साठवलेले नाव वाचतो, त्यामुळे लिनक्सवर तीच फाइल ‘7:12 उतारा’ म्हणून उतरते, आणि विंडोजमध्ये नावात अपूर्णविराम चालतच नसल्यामुळे ती तिथे त्या नावाने तयार होऊ शकत नाही. प्रश्नचिन्ह, तारांकन आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांचेही विंडोजला वावडे आहे. लिनक्सला त्यांचे काहीच वाटत नाही. काही साधने अशी फाइल मागे राहिल्याची नोंद दाखवतात खरी, पण ‘विसरून जा’ असे सांगितलेला माणूस ती नोंद उघडून पाहणार कधी?

नावाच्या लांबीची अडचण याहून कमी ठाऊक आहे. विंडोजची एनटीएफएस ही फाइल-व्यवस्था फाइलच्या नावाची लांबी चिन्हांत मोजते आणि 255 चिन्हांपर्यंत परवानगी देते, तर लिनक्सवरील एक्स्ट4 ही व्यवस्था ती बाइटमध्ये मोजते आणि तिची मर्यादा 255 बाइटची आहे. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, म्हणून इंग्रजी नावे देणाऱ्यांना हा फरक जाणवत नाही. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-8 या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे असतात. नुसत्या ‘श्री’ला चार चिन्हे, म्हणजे बारा बाइट लागतात. हिशेब केला तर लिनक्सवर मराठी नाव 85 चिन्हांत संपते. शासन निर्णय त्याच्या संपूर्ण विषयासकट नाव देऊन साठवण्याची सवय ज्यांना आहे, त्यांच्या फाइली विंडोजवर सुखाने नांदतात आणि घरच्या लिनक्सवर पोहोचतच नाहीत.

‘ऱ’ची गोष्ट आणखी वेगळी आहे. ‘दुसऱ्या हप्त्याची पावती’ या नावातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतो, तसाच ‘र’ अधिक नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही व्यवस्था नाव साठवताना त्याची फोड करून टाकत असे. 2017 मध्ये आलेली एपीएफएस नाव दिले तसे ठेवते आणि शोधताना दोन्ही रूपे एकच मानते. एक्स्ट4 मात्र त्यांना सरळ दोन वेगळी नावे समजते. सिंकथिंग ही रूपे स्वतःहून एकसारखी करून घेते. आरसिंक या फाइली नेणाऱ्या दुसऱ्या साधनाला ते वेगळा पर्याय देऊन सांगावे लागते, नाहीतर एकाच फोल्डरमध्ये तंतोतंत सारख्या दिसणाऱ्या नावाच्या दोन फाइली होतात आणि त्यातली कोणती उघडावी ते कळत नाही. रोमन लिपीतील लहान-मोठ्या अक्षरांमुळे होणारा गोंधळ लिनक्स आणि विंडोज यांच्यात असाच घडतो. देवनागरीत ती भानगड नाही, एवढाच काय तो आपला फायदा.

‘ताजी प्रत टिकते’ हे विधान अर्धवट आहे. सिंकथिंग प्रत्येक यंत्रावरील बदलांची स्वतंत्र गणती ठेवते आणि तिच्यावरून दोन्हीकडे परस्पर बदल झाल्याचे ओळखते. त्यानंतर जिच्यावरची वेळ अलीकडची आहे ती प्रत मूळ नावाने राहते आणि दुसरीच्या नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ असा शेरा घालून ती बाजूला ठेवली जाते. दोन्हींतला मजकूर एकत्र होत नाही. सकाळी कार्यालयात तीन तास बसून केलेले काम आणि संध्याकाळी, ते घरी पोहोचण्यापूर्वीच, तिथल्या जुन्या प्रतीत सुधारलेली एक वेलांटी यांत वेलांटी जिंकते. शिवाय वेळ तरी बरोबर असते का? एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर विंडोज आतले घड्याळ स्थानिक वेळेवर लावते आणि लिनक्स तेच घड्याळ जागतिक वेळेचे समजून वाचते, त्यामुळे इंटरनेटवरून वेळ दुरुस्त होईपर्यंत लिनक्स भारतात साडेपाच तास पुढे चालू शकते. युनिसन हे साधन अशा वेळी स्वतः निवाडा न करता वापरणाऱ्याला विचारते, आणि मला तीच पद्धत पटते.

बॅकअपबद्दल फार लिहायला नको. एकीकडे पुसलेली फाइल दुसरीकडेही पुसली जाणे, हेच सिंकचे काम आहे, आणि खंडणीखोर व्हायरसने कुलूपबंद केलेल्या फाइलीही ते तितक्याच तत्परतेने पलीकडे नेते. सिंकथिंगमध्ये जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय आहे, पण ती मुळात बंद असते, आणि चालू केल्यावरही दुसऱ्या यंत्राकडून आलेल्या बदलांपुरतीच लागू होते. म्हणजे त्याच यंत्रावर आपण स्वतः पुसलेल्या फाइलची प्रत ते यंत्र राखत नाही. म्हणून ही सोय दोन्ही बाजूंना चालू करावी, आणि तरीही एक प्रत सिंकच्या बाहेर, एरवी जोडलेल्या नसलेल्या डिस्कवर ठेवावी.

याच सल्ल्याच्या ओघात ‘सगळेच त्या फोल्डरमध्ये टाका’ असेही सुचवले जाते. चालू असलेल्या प्रोग्रॅमचा डेटा, मग तो हिशेबाचा असो वा ईमेलचा, त्यात कधीही टाकू नये. अनेक प्रोग्रॅम वापरतात त्या एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये मुख्य फाइलच्या जोडीला नुकत्याच झालेल्या नोंदींची दुसरी फाइल असू शकते, आणि त्या दोन्ही एकाच क्षणाच्या असतील तरच डेटा सुसंगत राहतो. सिंकचा प्रोग्रॅम त्या स्वतंत्रपणे, मागेपुढे नेतो. असा डेटा न्यायचाच असेल, तर त्या प्रोग्रॅमच्याच निर्यातीच्या सोयीने एक फाइल काढावी आणि ती फाइल सिंकच्या फोल्डरमध्ये ठेवावी.